ड्रॅक्युलाचा जन्मदाता : ब्रॅम स्टोकर

ड्रॅक्युला हे नाव ऐकले नाही असा विद्यार्थी आपल्या महाविद्यालयात शोधूनही सापडणार नाही. काळा झगा, लांब सुळे, डोंगरावरचा पडका गढीवजा वाडा आणि रात्री शवपेटीतून उठणारा तो उमराव आपल्याला चित्रपटांतून, चित्रकथांतून आणि आता संगणकावरच्या व मोबाईलवरच्या खेळांतून पाठ झालेला आहे. माझा धाकटा भाऊ सहावीत शिकतो. मूळ कादंबरी त्याने डोळ्यांनीही पाहिलेली नाही; पण रक्तपिपासू लसणाला भितो, आरशात दिसत नाही, क्रूस पाहून मागे सरतो, उन्हात जळून जातो, हे सारे नियम तो पाढ्यांसारखे घडाघडा म्हणून दाखवतो. हे नियम केले कोणी, असा प्रश्न मात्र त्याला कधी पडलेला नाही. खरे सांगायचे तर गेल्या वर्षी ग्रंथालयात ती कादंबरी हाती पडेपर्यंत मलाही तो पडला नव्हता.

या नियमांमागे एक माणूस आहे. तो कोणी जादूटोणा करणारा नव्हता की एकांतात राहणारा विक्षिप्त कवीही नव्हता. तो आधी सरकारी कारकून होता आणि नंतर एका नाट्यगृहाचा व्यवस्थापक. दिवसभर दुसऱ्याची पत्रे लिहायची, दुसऱ्याचे हिशेब ठेवायचे आणि उरलेल्या वेळात आपले लिहायचे, अशी त्याची हयात गेली. त्याने निर्माण केलेला उमराव अमर झाला आणि तो स्वतः त्या उमरावाच्या मागे पार झाकला गेला. त्या माणसाची, म्हणजे ब्रॅम स्टोकर याची, जीवनकथा येथे सांगण्याचा विचार आहे.

ब्रॅमचे खरे नाव अब्राहम. त्याचा जन्म ८ नोव्हेंबर १८४७ रोजी आयर्लंडमध्ये, डब्लिनजवळच्या क्लॉन्टार्फ या ठिकाणी झाला. बटाट्याच्या पिकावर पडलेल्या रोगामुळे आयर्लंडमध्ये त्या सुमारास भयानक दुष्काळ चालू होता आणि १८४७ हे त्यातले अत्यंत वाईट वर्ष. त्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि रोगराईने मेली. स्टोकर कुटुंब उपाशी नव्हते, पण श्रीमंतही नव्हते. वडील डब्लिन कॅसल या सरकारी कचेरीत नोकरीला होते. सात भावंडांत ब्रॅम तिसरा. सात वर्षांचा होईपर्यंत हे पोर अंथरुणाला खिळून होते. त्याला कसला आजार होता याचे निदान कधी झालेच नाही. त्याला उभेही राहता येत नसे. आणि मग एकाएकी तो बरा झाला, चालू लागला!

त्या सात वर्षांत त्याच्या उशाशी बसली त्याची आई शार्लट. शार्लटचे बालपण स्लायगो या गावी गेले होते. तेथे १८३२ साली पटकीची साथ आली तेव्हा ती चौदा वर्षांची होती. त्या साथीच्या कहाण्या ती मुलाला सांगे. घरेच्या घरे ओस पडलेली; धुगधुगी असलेल्या माणसांनाही मेलेली समजून पुरण्याची घाई झालेली; आणि तिचे कुटुंब गाव सोडून निघाले तर वाटेतली गावे त्यांना थारा द्यायला तयार नव्हती. पुढे मुलाच्या आग्रहावरून तिने या आठवणी लिहूनही काढल्या. हे वाचताना मला २०२० सालचा आमचा गाव आठवला. रस्त्यावर काट्या आणि मुरमाचे ढीग टाकून वेस बंद केलेली, पुण्या-मुंबईहून परत आलेल्या आपल्याच माणसांना शाळेत उतरवलेले, आणि मयताच्या खांद्याला चार माणसे मिळेनाशी झालेली. साथीच्या रोगात माणूस रोगाला भितो त्याहून अधिक माणसाला भितो. मेलेला माणूस आपल्याला ओढून नेईल ही भीती अशा दिवसांत काही पुस्तकातून शिकावी लागत नाही. ब्रॅमला ती आईच्या मांडीवर मिळाली.

पुढे या आजारी मुलाचा धिप्पाड तरुण झाला. १८६४ साली तो डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये दाखल झाला. तेथे त्याने मैदानी खेळांत बक्षिसे मिळवली, वादविवाद मंडळ गाजवले, तत्त्वज्ञान मंडळाचा तो अध्यक्ष झाला. १८७० साली तो पदवीधर झाला. शिकत असतानाच वडिलांच्या पावलावर पाऊल ठेवून तो सरकारी नोकरीत शिरला होता. खालच्या फौजदारी न्यायालयांच्या तपासणीचे काम त्याच्याकडे आले आणि त्या कामासाठी तो आयर्लंडभर हिंडला. त्याच्या नावावर छापले गेलेले पहिले मोठे पुस्तक म्हणजे १८७९ साली निघालेले त्या न्यायालयांतील कारकुनांच्या कर्तव्यांची माहिती देणारे जाडजूड सरकारी पुस्तक होय. ड्रॅक्युलाच्या लेखकाची सुरुवात दप्तर कसे ठेवावे, नोंदी कशा कराव्यात, यापासून झाली हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पुढे त्याचा आपल्याला उपयोग होणार आहे.

त्या नोकरीत त्याचे मन रमत नव्हते. संध्याकाळी तो नाटके पाही आणि ‘डब्लिन इव्हिनिंग मेल’ या वृत्तपत्रात त्यांची परीक्षणे लिही. या लेखनाचा त्याला एक छदामही मिळत नसे. योगायोग असा की त्या पत्राच्या मालकांत शेरिडन ल फानू हा लेखक होता आणि त्याने १८७२ साली ‘कार्मिला’ ही स्त्री-व्हॅम्पायरची कथा पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली होती. १८७६ साली इंग्लंडचा नामांकित नट हेन्री आयर्विंग डब्लिनला ‘हॅम्लेट’चे प्रयोग करावयास आला. स्टोकरचे परीक्षण त्याला आवडले. त्याने स्टोकरला जेवावयास बोलावले आणि जेवणानंतर त्या मंडळींपुढे एक दीर्घ कविता म्हणून दाखवली. आयर्विंगच्या त्या आविष्काराने धट्टाकट्टा स्टोकर अक्षरशः कोलमडून पडला. ती मैत्री आयर्विंगच्या मृत्यूपर्यंत टिकली.

१८७८ साली आयर्विंगने लंडनचे लायसियम नाट्यगृह चालवावयास घेतले आणि व्यवस्थापक म्हणून स्टोकरला बोलावले. येथे मला जरा थांबावेसे वाटते. माझे वडील बाजार समितीत हमाली करतात. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे कायमची सरकारी नोकरी म्हणजे काय चीज असते हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. घरी येणारा प्रत्येक पाहुणा पहिला प्रश्न विचारतो तो स्पर्धा परीक्षेचा. अशी नोकरी, अशी वाढती बढती आणि म्हातारपणचे निवृत्तिवेतन स्टोकरने वयाच्या एकतिसाव्या वर्षी सोडून दिले, आणि तेही एका नटाच्या शब्दावर! त्याच डिसेंबरमध्ये त्याचे फ्लॉरेन्स बाल्कोम हिच्याशी लग्न झाले. या सुंदर तरुणीवर आधी ऑस्कर वाइल्डचेही प्रेम होते. लग्न होताच नवरा-बायको लंडनला गेली. पुढच्या वर्षाच्या अखेरच्या दिवशी त्यांना मुलगा झाला. त्याचे पहिले नावही आयर्विंगच ठेवण्यात आले.

लायसियममध्ये स्टोकरने सुमारे सत्तावीस वर्षे राबून काढली. तिकिटांचा गल्ला, नोकरांचे पगार, पाहुण्यांची सरबराई, दौऱ्यांची आखणी हे सारे त्याच्याकडे असे. आयर्विंगच्या नावे येणाऱ्या ढीगभर पत्रांना उत्तरेही तोच लिही. १८८३ पासून मंडळी अमेरिकेच्या दौऱ्यांवर जाऊ लागली. तेव्हा बोटी, आगगाड्या, सामानसुमान यांचे वेळापत्रक त्यालाच सांभाळावे लागे. एकदा, १८८२ साली, थेम्स नदीवरच्या बोटीतून एका माणसाने पाण्यात उडी घेतली. स्टोकरने कोट काढून मागोमाग उडी टाकली आणि त्याला बाहेर काढले. माणूस वाचला नाही, पण या धाडसाबद्दल स्टोकरला पदक मिळाले. हा माणूस कसा होता हे या एका प्रसंगावरून कळते. १८९५ साली आयर्विंगला ‘सर’ हा किताब मिळाला. नटाला असा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. लोकांच्या लेखी स्टोकर हा त्या सूर्याभोवती फिरणारा एक लहान ग्रह होता.

आता त्या व्हॅम्पायरच्या समजुतीकडे वळू. ही समजूत स्टोकरने शोधून काढलेली नाही. पूर्व युरोपातल्या, विशेषतः सर्बियातल्या, खेड्यांत ती फार जुनी होती. १७२५ च्या सुमारास किसिल्येवो नावाच्या गावात पेटार ब्लागोयेविच हा शेतकरी मेला. पाठोपाठ थोड्याच दिवसांत गावात आणखी माणसे मेली. गावकऱ्यांनी त्याचे थडगे उकरले, तर प्रेत फारसे कुजलेले नव्हते आणि तोंडाशी रक्त होते. त्यांनी छातीत मेख ठोकून ते जाळले. १७३२ साली आर्नोल्ड पाओले या दुसऱ्या एका मृताच्या प्रकरणात ऑस्ट्रियाच्या लष्करी शल्यवैद्याने रीतसर अहवाल लिहिला आणि हा शब्द साऱ्या युरोपभर झाला. अखेर १७५५ साली सम्राज्ञी मारिया थेरेसाने आपल्या वैद्याकरवी चौकशी करवून प्रेते उकरण्यास बंदी घातली. प्रेत फुगणे, तोंडातून लालसर द्रव येणे, कातडी आक्रसल्यामुळे नखे वाढल्यासारखी दिसणे हे सारे कुजण्याचेच प्रकार आहेत, हे आज वैद्यकाच्या कोणत्याही विद्यार्थ्याला ठाऊक असते. त्या शेतकऱ्यांना ते ठाऊक नव्हते. माणसे पटापट का मरत आहेत याचे उत्तर त्यांना हवे होते, आणि ते त्यांनी आपल्यातल्याच एका मेलेल्या माणसावर लादले.

असे प्रकार फार दूरच्या काळातले आहेत असेही नाही. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात एक्झिटर या गावी १८९२ साली मर्सी ब्राउन ही एकोणीस वर्षांची मुलगी क्षयाने वारली. तिची आई आणि बहीण आधीच त्याच रोगाने गेल्या होत्या आणि भाऊ आजारी होता. शेजाऱ्यांच्या आग्रहावरून तिचे प्रेत उकरण्यात आले, काळीज जाळण्यात आले आणि त्याची राख भावाला औषध म्हणून पाजण्यात आली. दोन महिन्यांत भाऊही मेला. क्षयाचे जंतू त्याआधी दहा वर्षे, १८८२ मध्येच, रॉबर्ट कॉखने शोधून काढले होते! न्यू इंग्लंडमधील अशा समजुतींविषयी अमेरिकन वृत्तपत्रात आलेल्या लेखाचे कात्रण स्टोकरच्या टिपणांत सापडते.

ही मर्सी माझ्याच वयाची होती. माझ्या आईच्या माहेरी एक एकटी राहणारी म्हातारी होती. गावात ताप आला, कोणाचे जनावर दगावले, की तिच्याकडे बोट दाखवले जाई. तिच्या घरचे पाणी कोणी पीत नसे. तिने कोणाचे रक्त प्याले नव्हते. उलट सगळे गावच तिचे आयुष्य पीत होते. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. तो कायदा कशासाठी हवा होता हे मला वर्गात शिकण्यापूर्वीच त्या म्हातारीमुळे कळले होते. भुताची गोष्ट गोष्ट म्हणून ऐकण्यात जी मौज आहे ती मौज गोष्टीला माणसाचे नाव चिकटले की संपते.

आपल्याकडे वेताळ आहे. तोही प्रेतात शिरतो. पण तो रक्त पीत नाही, कोडी घालतो आणि राजा विक्रमाची बुद्धी पारखतो. कोकणात आणि गोव्यात तर तो गावाचा राखणदार म्हणून पुजला जातो. गंमत अशी की या वेताळाचा आणि स्टोकरचा एक दूरचा संबंध आहे. रिचर्ड बर्टन हा इंग्रज अधिकारी मुंबई इलाख्याच्या लष्करात होता आणि तो मराठीची परीक्षाही उत्तीर्ण झाला होता. त्याने १८७० साली वेतालपंचविशीतल्या निवडक गोष्टी इंग्रजीत आणल्या, आणि वेताळासाठी शब्द वापरला तो व्हॅम्पायर हाच. आयर्विंगच्या ओळखीने स्टोकर या बर्टनला अनेकदा भेटला होता. बोलताना दिसणारा बर्टनचा सुळ्यासारखा दात त्याच्या चांगलाच लक्षात राहिला आणि पुढे आपल्या आठवणींत त्याने त्याचा उल्लेख केला. ड्रॅक्युलाचे सुळे तेथूनच आले असे म्हणणे धाडसाचे होईल. पण लेखकाच्या मनात काय काय साठत जाते याची कल्पना त्यावरून येते.

१८९० साली स्टोकरने या कादंबरीची टिपणे काढावयास सुरुवात केली. त्या उन्हाळ्यात तो कुटुंबासह व्हिटबी या समुद्रकाठच्या गावी सुटीवर गेला होता. सुटीतही या गृहस्थाचा हात स्वस्थ नव्हता. कोळ्यांची बोली, वाऱ्याची दिशा, थडग्यांवरची नावे, सारे तो वहीत उतरवून घेत होता. स्वेल्स हे त्याच्या कादंबरीतल्या एका म्हाताऱ्याचे नाव तेथल्या थडग्यावरचेच आहे. १८८५ साली ‘दिमित्री’ नावाचे एक रशियन जहाज त्या किनाऱ्याला लागून फुटले होते. त्याची माहिती त्याने तटरक्षकांकडून मिळवली आणि कादंबरीत त्याचे ‘डिमीटर’ झाले. गावातल्या ग्रंथालयात त्याला विल्यम विल्किन्सन यांचे वलाखिया व मोल्डाविया या प्रांतांवरचे १८२० सालचे पुस्तक मिळाले आणि त्यात ड्रॅक्युला हे नाव सापडले. तोवर त्याच्या खलनायकाचे नाव ‘काउंट वँपायर’ असे अगदीच बाळबोध होते! ट्रान्सिल्व्हेनियातल्या समजुतींची माहिती त्याने एमिली जेरार्ड या बाईंच्या लेखनावरून घेतली. तो स्वतः ट्रान्सिल्व्हेनियात कधीही गेला नाही. व्लाड या वलाखियाच्या क्रूर राजाची कथा म्हणजेच ड्रॅक्युला, असे आज पुष्कळ लोक मानतात. पण स्टोकरच्या टिपणांत त्या राजाविषयी नावापलीकडे फारसे काही नाही.

सात वर्षे हे काम चालले होते. छापण्याच्या अगदी आधीपर्यंत पुस्तकाचे नाव वेगळेच होते. ते ऐनवेळी बदलून ‘ड्रॅक्युला’ झाले आणि मे १८९७ मध्ये पिवळ्या बांधणीत, लाल अक्षरांत ते बाहेर पडले. नाट्यहक्क आपल्याकडे राहावेत म्हणून त्याच्या काही दिवस आधी, १८ मे रोजी, लायसियममध्ये त्याचे नाट्यवाचन करण्यात आले. आयर्विंगने ड्रॅक्युलाची भूमिका करावी अशी स्टोकरची इच्छा असावी असे अभ्यासकांना वाटते. आयर्विंगने ती कधी केली नाही.

कादंबरी वाचताना मला एका गोष्टीचे विशेष नवल वाटले. तीत लेखक स्वतः बोलतच नाही. सगळी कथा रोजनिशा, पत्रे, तारा, वृत्तपत्रांची कात्रणे आणि जहाजाची नोंदवही यांतून उलगडते. वीर पुरुष म्हणावे तर जोनाथन हार्कर हा नुकताच परीक्षा उत्तीर्ण झालेला सॉलिसिटर. त्याची पत्नी मीना ही शाळेतली साहाय्यक शिक्षिका. तिला लघुलेखन आणि टंकलेखन येते, आगगाड्यांची वेळापत्रके तोंडपाठ असतात. ड्रॅक्युलाला पकडण्यात खरा वाटा कोणाचा असेल तर तो मीनाचा. सगळ्यांचे विखुरलेले कागद ती गोळा करते, तारीखवार लावते, टंकलिखित प्रती काढते, आणि मगच त्या मंडळींना समजते की हा प्राणी कोठून येतो आणि कोठे पळणार आहे. उमरावाकडे शतकानुशतकांची शक्ती आहे. या मंडळींकडे नीट ठेवलेले दप्तर आहे. विजय दप्तराचा होतो! ज्याने उमेदीची वर्षे कारकुनांच्या नोंदी तपासण्यात घालवली, त्यानेच हे लिहावे यात आश्चर्य ते काय? पायपीट करून टंकलेखनाच्या वर्गाला जाणाऱ्या आपल्या कितीतरी मैत्रिणींनी ही मीना एकदा भेटून घ्यावी असे मला मनापासून वाटते.

शेवटही आपण समजतो तसा नाही. ड्रॅक्युला लाकडी मेखेने मरत नाही. हार्करची कुकरी, म्हणजे आपल्या गुरख्यांची असते तीच, त्याचा गळा चिरते आणि क्विन्सी मॉरिस या टेक्सासच्या माणसाचा सुरा त्याच्या छातीत घुसतो. तो उन्हात जळतही नाही; मूळ कादंबरीत तो लंडनमध्ये भर दिवसा हिंडतो. दिवसा त्याची शक्ती तेवढी मर्यादित होते.

मग ऊन आले कोठून? त्यासाठी आपल्याला स्टोकरच्या मृत्यूपलीकडे जावे लागेल. पुस्तकाची टीकाकारांनी बऱ्यापैकी दखल घेतली; पण लेखकाला त्याने श्रीमंत केले नाही. १८९८ साली लायसियमच्या गोदामाला आग लागून चाळीसहून अधिक नाटकांचे पडदे व देखावे खाक झाले. १९०२ साली नाट्यगृह बंद पडले. १३ ऑक्टोबर १९०५ रोजी दौऱ्यावर असताना आयर्विंगचा मृत्यू झाला. स्टोकरने त्याच्या आठवणींचे दोन खंड लिहिले. त्यांत स्वतःच्या ‘ड्रॅक्युला’ला जवळजवळ स्थानच नाही. त्याला पक्षाघाताचे झटके आले. १९११ साली त्याला लेखकांना मदत करणाऱ्या निधीकडे अर्ज करावा लागला आणि तेथून शंभर पौंड मिळाले. २० एप्रिल १९१२ रोजी लंडनमध्ये तो वारला. ‘टायटॅनिक’ बुडून तेव्हा पाचच दिवस झाले होते. वृत्तपत्रे त्या बातमीने भरलेली होती, आणि स्टोकरविषयी जे छापून आले त्यात आयर्विंगचा मित्र ही ओळखच मोठी होती.

पुढची लढाई फ्लॉरेन्सने लढवली. १९२२ साली जर्मनीत मुर्नाव या दिग्दर्शकाने परवानगी न घेता, नावे बदलून, ‘नोस्फेराटू’ हा मूकपट काढला. विधवा फ्लॉरेन्सचे पोट पतीच्या पुस्तकावर होते. तिने दावा लावला आणि १९२५ साली चित्रपटाच्या सर्व प्रती नष्ट करण्याचा हुकूम मिळवला. तरी काही प्रती उरल्याच. व्हॅम्पायर सूर्यप्रकाशाने नाहीसा होतो ही कल्पना या चोरीच्या चित्रपटाची! आज तीच जगभर मूळ नियम म्हणून चालते. १९३१ साली बेला लुगोसीच्या बोलपटाने त्या उमरावाला त्याचा झगा आणि चेहरा कायमचा दिला. आपल्या मराठीत नारायण धारपांची ‘लुचाई’ आहे. ती स्टीफन किंगच्या कादंबरीवर बेतलेली आणि किंगची ती कादंबरी पुन्हा स्टोकरच्या ऋणात. असा हा ओघ आपल्या दारापर्यंत आलेला आहे.

आणि आता खेळ. १९८६ साली जपानच्या कोनामी कंपनीने ‘कॅसलव्हेनिया’ हा खेळ काढला. त्यात सायमन बेल्मॉन्ट हा तरुण चाबूक घेऊन ड्रॅक्युलाच्या वाड्यात शिरतो, एकेक टप्पा पार करतो आणि शेवटी त्या उमरावाशी लढतो. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कादंबरीवरून शब्दांत खेळायचा एक संगणक-खेळ निघाला आणि चित्रपटांना लागतो तसा वयोमर्यादेचा शिक्का तेथे प्रथमच एका खेळाला लागला. १९९४ च्या ‘कॅसलव्हेनिया’मध्ये तर नायक जॉन मॉरिस हा स्टोकरच्या क्विन्सी मॉरिसचा मुलगाच दाखवला आहे. कादंबरीला शंभर वर्षे झाली त्या १९९७ सालच्या भागात ड्रॅक्युलाचा मुलगाच बापाविरुद्ध उभा राहतो. २००४ च्या ‘व्हॅम्पायर : द मास्करेड – ब्लडलाइन्स’ या खेळात खेळणारा स्वतःच व्हॅम्पायर होतो, आणि २०२४ साली पूर्ण झालेल्या ‘व्ही रायझिंग’ या स्वीडनच्या खेळात तर उन्हाचा पट्टा चुकवत सावलीसावलीने पळावे लागते.

खेळ करणारांना स्टोकरचा इतका आधार का वाटावा, यावर मी पुष्कळ विचार केला. मला वाटते त्याचे उत्तर त्या कारकुनी शिस्तीत आहे. लोकसमजुतीतले पिशाच्च गावागणिक वेगळे असते. स्टोकरने त्या विस्कळीत समजुती गोळा करून त्यांची जणू नियमावली तयार केली. बोलावल्याशिवाय तो घरात येऊ शकत नाही, वाहते पाणी वाटेल तेव्हा ओलांडू शकत नाही, आपल्या मातीच्या पेट्यांवाचून त्याला विसावा नाही, तो लांडगा होतो, वटवाघूळ होतो, धुके होतो. शत्रूच्या शक्ती आणि मर्यादा यांची अशी यादी मिळाली की खेळाचा सांगाडा आयताच तयार होतो. मात्र खेळात एकटा वीर चाबूक चालवून जिंकतो. कादंबरीत चारचौघे सामान्य लोक एकमेकांचे कागद वाचून जिंकतात. मीना हार्करचा टंकलेखनयंत्रावर चालणारा हात त्या चाबकापुढे कोणाला दिसला नाही, याचे मला वाईट वाटते. तरीही खेळांचा एक गुण मान्य केला पाहिजे. तेथला व्हॅम्पायर कोणाची शेजारीण नसतो. ती भीती खेळ बंद केला की संपते, आणि तिच्यापायी कोणाचे थडगे उकरले जात नाही.

१९८६ च्या त्या पहिल्या खेळाच्या शेवटी श्रेयनामावली येते. खऱ्या निर्मात्यांची नावे तीत नाहीत. जुन्या भयपटवाल्यांच्या नावांची थट्टेने केलेली मोडतोड आहे. कथालेखक म्हणून जे नाव झळकते ते ब्रॅम स्टोकरचेच, पण थोडे बिघडवलेले. जन्मभर दुसऱ्याच्या नावामागे उभे राहिलेल्या माणसाला श्रेय मिळाले तेही असे!

असो. पण दप्तर नीट ठेवणाऱ्याचे काहीच वाया जात नाही, असेही दिसते. स्टोकरची टिपणे त्याच्या मृत्यूनंतर लिलावात विकली गेली. आज ती अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील संग्रहालयात जपून ठेवलेली आहेत आणि जगभरचे अभ्यासक ती पाहण्यासाठी तेथे जातात. १८९० साली डब्लिनच्या एका वृत्तपत्राच्या नाताळ पुरवणीत छापलेली आणि सर्वांच्या विस्मृतीत गेलेली त्याची ‘गिबेट हिल’ ही कथा २०२३ साली आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात एका हौशी वाचकाला जुने अंक चाळताना सापडली. जी कथा कोणी उघडून पाहिली नव्हती ती शंभराहून अधिक वर्षांनी पुन्हा वाचली गेली. त्याचा रक्षाकलश लंडनमध्ये गोल्डर्स ग्रीन येथे आहे आणि १९६१ साली वारलेल्या त्याच्या मुलाची रक्षाही त्याच कलशात मिसळलेली आहे. ड्रॅक्युला मात्र अजून कोठल्यातरी पडद्यावर रोज रात्री उठतो.